‘पहिल्याच चिखलात गाडी रुतली’ – दोन स्टार देणाऱ्या जिमनीवाल्या सरांना दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या जिमनीला (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर) पावसाळ्यासाठी चांगली पकड असलेले टायर मागितले, तर आम्ही मड टायर (चिखलासाठीचे) उतरवायला लावून साधे रस्त्याचे टायर गळ्यात मारले. मावळात पहिल्याच चिखलात गाडी रुतली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. शिवाय हेच टायर ऑनलाइन स्वस्त मिळतात, आणि स्टार लेबलचे टायर मागूनही आम्ही टाळाटाळ केली.

एवढे पैसे खर्चून मित्रांसमोर गाडी अडकली तर राग येणारच. पण तुमचं वाचून आणखी कुणी छोट्या फोर-बाय-फोरवाला ऐन पावसाच्या तोंडावर मड टायर चढवून हायवेला लागेल, याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हा मी आधी एवढंच विचारलं होतं, गाडी रोज कुठे चालते? तुम्ही म्हणालात, मुलुंडहून ऐरोली पुलावरून वाशी, जाता-येता मुलं गाडीत, ट्रेल म्हणजे कच्च्या वाटांवरची भटकंती अधूनमधून. आणि तक्रार काय होती? मागच्या पावसात ब्रेक मारला की गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकायची, आणि वळताना मागची बाजू सुटायची. ही ओल्या डांबराची तक्रार आहे, चिखलाची नाही. त्या दोन्हींना टायर लागतात ते जवळजवळ उलटे.

मड टायरचे ब्लॉक मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद असतात. खाचेत भरलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो आणि ब्लॉकची कड पुढच्या मातीला धरते. चिखलात याला तोड नाही, आणि हे टायर मीही विकतो. पण डांबरावर त्याच रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. शिवाय दगड-गोट्यांवर ब्लॉक तुटू नयेत म्हणून अशा बहुतेक टायरांचं रबर चिवट ठेवलेलं असतं. स्टडचे बूट घालून ओल्या फरशीवर पळण्यातला प्रकार आहे हा. पाणी जायला जागा भरपूर आहे, पण धरायला काही नाही.

तुमच्यासमोर दोन्ही टायर शेजारी ठेवून मी रस्त्याच्या टायरच्या ब्लॉकमध्ये नख रोवून दाखवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. ब्लॉकवरच्या केसासारख्या बारीक चिरा नखाने उघडत होत्या. ब्रेक लागला की ब्लॉक किंचित वाकतो, त्या चिरांच्या कडा उघडून रस्त्यावर उरलेला पाण्याचा पातळ थर कापतात, आणि रबर डांबराला टेकतं. मोठ्या खाचा साचलेलं पाणी बाजूला काढतात, पण शेवटचा ओलावा या चिराच मोडतात. तुमच्या जुन्या मड टायरवर अशा चिरा मोजक्याच होत्या आणि निम्म्या घासून बुजलेल्या होत्या. रबराचंही तसंच. सिलिका घातलेलं रबर ओल्या, थंड रस्त्यावरही नरम राहून डांबराच्या खडबडीत बसतं. नक्षी कितीही देखणी असली तरी रबर कडक असेल तर पहिल्या सरीलाच कळतं.

आता जिमनीबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. गाडीचं वजन १२०० किलोच्या आसपास आहे. एलटी (हलक्या ट्रकच्या) बांधणीचे, जाड बाजूंचे मड टायर मुळात जड गाड्यांच्या हिशेबाने बनलेले असतात. हलक्या गाडीखाली ते नीट दबत नाहीत आणि रस्त्याला पूर्ण टेकत नाहीत. कंपनीचा साइज १९५/८० आर १५ आहे, त्यातला पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. तुम्हाला २१५/७५ आर १५ हवे होते. उंचीत फारसा फरक नाही, सुमारे ६९३ मिलिमीटरचे ७०३ होतात, आणि दिसायला गाडी भारदस्त दिसते हे मान्य. पण तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. पूर्व द्रुतगती मार्गावर जोरदार सर पडून गेल्यावर पुलाखाली जी तळी साचतात, त्यांवर हा फरक स्टिअरिंगमध्ये जाणवतो. म्हणून मी १९५ वरच अडून बसलो, आणि आजही बसेन.

फोर-बाय-फोर असून गाडी घसरते कशी, असंही तुम्ही विचारलंय. फोर-बाय-फोरने ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे गाडी निघते छान. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, तिथे जिमनीला वेगळा फायदा काही नाही. त्यातून रस्त्यावर तुम्ही टू-हायमध्ये चालवता, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. ओल्या वळणावर गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबला की आधी मागचीच बाजू निघणार. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी आडवी जाऊ न देणारी) आहेत, चांगलेच आहेत, पण टायर जेवढी पकड देईल तेवढीच ते वाटून देतात, नवी पकड ते आणत नाहीत. मेट्रोच्या कामाजवळच्या लोखंडी प्लेटा आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे यांच्यावर तर कुठलाच टायर नीट धरत नाही. तिथे वेग आधी कमी करायचा आणि प्लेटवर ब्रेक दाबायचा नाही, एवढंच हातात आहे. पहिल्या पावसातही तसंच, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते.

स्टार लेबलबद्दल. आपल्याकडच्या ऊर्जा बचतीच्या लेबलवरचे स्टार टायर किती सहज लोळतो, म्हणजे इंधन किती वाचतं, ते सांगतात. ओल्या रस्त्यावर कुठला टायर सरस, हे त्यावरून ठरत नाही. मी टाळाटाळ केली नाही, हेच सांगत होतो. ओल्या पकडीची किमान अट आपल्याकडे एआयएस-१४२ या वाहनांच्या मानकात आहे आणि नव्या डिझाइनच्या टायरांना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. पण ती पास-नापास आहे, दोन टायरांची तुलना त्यातून होत नाही. बाहेरून आलेल्या काही टायरांवर युरोपचं लेबल असतं. त्यावर ढग-पावसाचं चित्र आणि ए ते ई अशी अक्षरं असतात. ते बघा, उपयोगाचं आहे. डोंगर आणि हिमकणाची खूण मात्र बर्फासाठी असते, मुंबईच्या पावसाशी तिचा संबंध नाही.

किमतीचं थोडक्यात. ऑनलाइन स्वस्त मिळतात, खरं आहे. आमच्या दरात बसवणं, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह धरलेले आहेत. आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड आम्ही बिलावर लिहून देतो. २२२५ असेल तर २०२५ सालचा बाविसावा आठवडा. कुठूनही घ्या, पण हा कोड वाचून घ्या. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं रबर नवं दिसलं तरी कडक झालेलं असतं.

आता मावळातल्या चिखलाकडे. रस्त्याच्या टायरच्या अरुंद खाचा काळ्या मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरतो. तुमच्या फोटोत नेमकं तेच दिसतंय. हे होऊ शकतं, असं मी टायर बसवताना तुम्हाला सांगितलं होतं, आणि ट्रेलला जाताना हवा कमी करायलाही सांगितलं होतं. चिखलात १८-२० पीएसआयवर आलात तर टायर पसरतो आणि बराच फरक पडतो. त्याच्या फार खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि डांबरावर परत येताना दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नका. कमी हवेचा टायर मधून वर उचलला जातो, तिथे पाणी अडकतं, आणि तेव्हा चांगले टायरही घसरतात. सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवाच.

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. मी मुंबईच्या पावसासाठी ३ मिलिमीटरला बदला म्हणतो, आणि यावर कुणी मला ‘धंदा करतोय’ म्हटलं तरी चालेल. नवे टायर ८ मिलिमीटरच्या आसपास असतात, तेव्हा तुम्हाला अजून पुष्कळ वेळ आहे. पुढे कधी दोनच बदलायची वेळ आली तर नवे मागे टाका, पुढे नाही. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगमध्ये आधी कळतं, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

तुम्हाला ट्रेल सोडायचे नाहीत, आणि सोडूही नका. दोन मार्ग आहेत. ट्रेल वाढणार असतील तर सौम्य ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या, ब्लॉकवर भरपूर चिरा असलेले आणि १९५ मध्येच. चिखलात ते मड टायरच्या मागे राहतील आणि डांबरावर आत्ताच्या टायरच्या थोडे मागे, पण दोन्हीकडे निभावतील. तसं ठरलं तर आत्ताचे चार टायर मी नक्षी मोजून परत घेईन. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. तुमचे मड टायर तुम्ही घरी नेलेत, ते जुन्या लोखंडी रिमवर चढवून ठेवा आणि ट्रेलच्या आदल्या दिवशी बदलून घ्या. रिम घेताना पाच नट आणि १३९.७ मिलिमीटर पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) आहे का, ते बघून घ्या. बिल्डिंगमध्ये ठेवायला जागा नसेल तर सेट आमच्या माळ्यावर राहू द्या, त्याचं भाडं घेणार नाही. सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते, अर्ध्या तासात चाकं बदलून होतात.