सोडलेला सॅमन ‘तसाही मरतोच’ का?

स्कॉटलंडच्या हायलँड्समधील नद्यांवर फ्लाय फिशिंग (किड्यासारखे कृत्रिम आमिष लावून गळाने मासेमारी) करणारे लोक पकडलेला सॅमन मासा पुन्हा पाण्यात सोडतात, तो निव्वळ देखावा असतो, असे सांगणारा एक मजकूर बराच फिरतो आहे. अंडी घातल्यावर सॅमन तसाही मरतो, गळाला लागलेला मासा सोडला तरी जगत नाही आणि सॅमन संपत चालला आहे तो या हौशी गळवाल्यांमुळेच, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे.

यातील पहिले विधान प्रशांत महासागरातील बहुतेक सॅमन जातींना लागू पडते. समुद्रातून विणीसाठी स्पे, डी किंवा टे या नद्यांत चढणारा अटलांटिक सॅमन ही वेगळी जात आहे. विणीनंतर त्यातलेही बरेच मासे मरतात हे खरे, पण काही मासे हडकुळ्या अवस्थेत समुद्र गाठतात आणि त्यांतले थोडे पुन्हा नदीत परततात. मात्र समजा सगळेच मेले, तरी युक्तिवाद उभा राहत नाही, कारण वसंतात गळाला लागलेल्या मादीची वीण अजून व्हायची असते. ती हिवाळ्याच्या तोंडावर शेपटीने गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालणार असते आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे तिच्या पोटात साधारण हजाराहून अधिक अंडी असतात. एप्रिलमध्ये चार-पाच किलोची मादी मारली, तर तिच्याबरोबर ही सगळी गाबोळी जाते. नोव्हेंबरनंतर ती स्वतः जगते की मरते, याने त्यात काही फरक पडत नाही. १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडणे स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, ते याच लवकर येणाऱ्या माशांना वाचवण्यासाठी.

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. नदीत शिरल्यावर सॅमन जवळजवळ खाणे सोडतो. पिसे आणि दोरा बांधून केलेल्या फ्लायवर तो झडप घालतो, पण सहसा ती गिळत नाही, त्यामुळे गळ बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो. गळाला उलटा काटा नसला की तो चिमट्याने क्षणात निघतो. मासा पाण्याबाहेर न काढता, ओल्या हाताने, शेपटीच्या बुंध्याशी धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवला की कल्ल्यांतून पाणी खेळते आणि दम परतताच तो स्वतःच झटका देऊन निघून जातो. थंड पाण्यात असे हाताळलेले बहुसंख्य मासे जगतात. गांडूळ लावलेला गळ मात्र घशात खोल जातो, आणि पाणी २० अंशांच्या आसपास तापले की त्यात प्राणवायू कमी असल्यामुळे दमलेला मासा सावरत नाही. म्हणून अशा दिवशी मासेमारी थांबवायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. मासे वाळूवर ठेवून फोटो काढणाऱ्यांवरची टीकाही मला पूर्णपणे मान्य आहे. पण हे दोष हाताळणीचे आहेत. त्यांवरून मासा सोडणेच निरर्थक ठरत नाही.

तिसरे विधान तर आकड्यांच्या उलट जाते. आज स्कॉटलंडमध्ये गळाने पकडलेल्या सॅमनपैकी ९० टक्क्यांहून अधिक मासे सोडले जातात आणि २०१६पासून किनाऱ्यावरील सॅमनची जाळेमारीही बंद आहे. तरीही १९५२मध्ये नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत कमी सॅमन गळाला लागले ते २०२३मध्येच. मारणे इतके घटूनही मासे घटतच असतील, तर कारण दुसरीकडेही शोधावे लागते. समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी परतणाऱ्यांचे प्रमाण फार खाली आले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील सॅमन शेतीतून पसरणाऱ्या समुद्री उवा, नद्यांवरचे बंधारे आणि उघड्या काठांमुळे तापणारे ओढे यांची त्यात भर पडते. डी नदीच्या वरच्या खोऱ्यात ओढ्यांच्या काठी झाडे लावली जात आहेत, ती पाण्यावर सावली यावी म्हणूनच. उलट, स्कॉटलंडमध्ये सॅमन मासेमारीवर देखरेख करणाऱ्या जिल्हा मंडळांचा नदीरक्षणाचा खर्च प्रामुख्याने मासेमारीचे हक्क असलेल्या मालकांवर बसवलेल्या आकारणीतून चालतो, आणि त्या हक्कांना किंमत येते ती गळ टाकायला येणाऱ्यांमुळे.

केवळ आनंदासाठी माशाला गळ लावावा का, हा नैतिक आक्षेप वेगळा आहे आणि तो प्रामाणिकपणे घेता येतो. मात्र हा आक्षेप घेणाऱ्याने ‘सोडलेला सॅमन मरतोच’ या चुकीच्या माहितीचा आधार घेऊ नये.