लिस्टन आणि ‘३०० टक्के मृत्युदरा’ची थाप

‘एका ऑपरेशनमध्ये तीन बळी! रुग्ण गँगरीनने गेला, सुरीखाली बोटं तुटलेला मदतनीसही तसाच गेला आणि कोटाला सुरी लागलेला एक बघ्या भीतीनेच मेला.’ रॉबर्ट लिस्टन या स्कॉटिश सर्जनची ही गोष्ट चवीने फिरवली जाते. वर शेपूट असतं: तो शिकला-सवरलेला नव्हताच, घाईचा खाटीक होता.

आधी बळींचं बघू. रुग्णाचं नाव नाही, तारीख नाही. लिस्टन वारला १८४७ मध्ये, आणि ही गोष्ट प्रसिद्ध झाली ती १९८३ मध्ये, रिचर्ड गॉर्डन या विनोदी लेखकाच्या पुस्तकात. त्याआधीचा पुरावा कुणाला सापडलेला नाही. ‘जुन्या काळी असलं दडपलं जायचं’ हेही पटत नाही. १८२८ मध्ये लंडनच्या ब्रॅन्स्बी कूपरने मूतखडा काढायला जवळपास तासभर लावला, रुग्ण दगावला, तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याची अब्रू चव्हाट्यावर आणली, प्रकरण कोर्टात गेलं. असल्या पत्रकारितेच्या काळात तीन मुडदे नजरेतून सुटले असते?

आता शिक्षण. हा पाद्र्याचा मुलगा एडिंबरा विद्यापीठात शिकला आणि जॉन बार्कलेच्या शरीररचनेच्या शाळेत काही वर्षं मदतनीस होता. तिथे काम म्हणजे प्रेतं चिरणं आणि शिकणाऱ्यांसाठी ती तयार ठेवणं. धमनी कुठे आहे हे त्याच्या हाताला ठाऊक होतं ते या रियाजामुळे. पुढे लंडनला जाऊन सर्जन सर विल्यम ब्लिझर्डच्या हाताखाली काम, १८१८ च्या सुमारास परत एडिंबऱ्यात स्वतःचे शरीररचनेचे वर्ग. १८२२ मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरी या हॉस्पिटलने त्याला दरवाजा बंद केला. मात्र कारण अडाणीपणा नव्हतं, कारभारावर त्याने झोडलेली टीका होती. १८२७ मध्ये त्याच इन्फर्मरीने त्याला सर्जन म्हणून घेतलं!

घाई? भूल नव्हती हो. रुग्ण शुद्धीत, चारजणांनी दाबून धरलेला; तिथे प्रत्येक मिनिट म्हणजे वेदना आणि रक्त. आणि निकाल काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात १८३५ ते १८४० दरम्यान त्याच्या ६६ अवयवछेदनांपैकी मृत्यू १०, म्हणजे साधारण सहात एक. आज अंगावर काटा येतो, पण जंतुनाशकं यायला अजून पंचवीसेक वर्षं होती आणि त्याच शहरातल्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात हेच प्रमाण चारात एक होतं.

वेगाचं वेड म्हणावं तर २१ डिसेंबर १८४६ ला ईथरची भूल देऊन फ्रेडरिक चर्चिलची मांडी कापणारा लिस्टनच. वेगाची गरज संपवणारं साधन त्याने बातमी पोचताच वापरून पाहिलं.

नावंच ठेवायची असतील तर त्याच्या तोंडाला ठेवा. जेम्स साइम हा आधी त्याच्या वर्गातला साथीदार. त्याच्याशीही त्याने वर्षानुवर्षं वैर धरलं. १८३३ मध्ये एडिंबऱ्याची क्लिनिकल सर्जरीचं प्राध्यापकपद साइमला मिळालं आणि पुढच्याच वर्षी लिस्टनने लंडन गाठलं.