सर्वांत कमी दराची पदवी

बांधकाम अभियांत्रिकीची पदवी घ्यायचं ठरलंय? उत्तम. कुठला अभ्यासक्रम परवडेल हे ठरवायला माहितीपत्रकातला ठळक आकडा पुरे. सगळे आकडे एका कागदावर उतरवा, सर्वांत लहान आकड्याला गोल करा आणि निवांत झोपा. सर्वांत कमी दराची निविदा घेऊन आजवर कुणी पस्तावलेलं नाही. हवं तर कुठल्याही ठेकेदाराला विचारा, तो शपथेवर सांगेल.

शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचू नका. तिथे प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, सर्व्हे कॅम्पचा खर्च अशी मंडळी दाटीवाटीनं बसलेली असतात. बांधकामाच्या साइटवर त्यांना 'एक्स्ट्रा आयटम', म्हणजे ठरलेल्या दराबाहेरची जादा कामं, म्हणतात, पण तुम्ही अजून साइटवर गेलायत कुठे!

शिष्यवृत्ती मात्र चारही वर्षांची धरा. पत्रात 'ठरावीक गुण टिकवल्यास' असं असेलही. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स या अवघड विषयाशी अजून गाठ पडलेली नाही, तोवर आत्मविश्वास शाबूत ठेवायला काय हरकत आहे? कर्जाच्या व्याजाचंही मनावर घेऊ नका. फेड नंतर सुरू होते, व्याज बिचारं आधीपासून कामाला लागतं. १० टक्के चक्रवाढीनं १०० चे ४ वर्षांत १४६ होतात, इतकंच. स्ट्रक्चरल अनॅलिसिस हा विषय राहिला, त्यापायी त्यावर बेतलेला पुढचा आरसीसी डिझाइन (सळईच्या काँक्रीटची रचना) हा विषय अडला आणि चाराची पाच वर्षं झाली, तर १६१. त्या पाचव्या वर्षाचा बुडालेला पगार धरायचा नाही. जो हातात आलाच नाही, तो गेला कसा?

मान्यतेची चौकशी तर संशयी माणसं करतात. १९८९ च्या वॉशिंग्टन अकॉर्डमुळे सदस्य देशांतल्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या एकमेकींच्या तोडीच्या धरल्या जातात. तुमच्या पदवीला मान्यताच नसेल, तर तो करार वाचण्याचे कष्ट वाचले. बचतच ती.

प्रयोगशाळाही बघायला जाऊ नका. गेलातच, तर वीस जणांत एक टोटल स्टेशन, म्हणजे जमीन मोजायचं यंत्र, दिसेल: एक जण डोळा लावतो, एक समोर त्याचा प्रिझम धरतो, उरलेले अठरा सावली धरतात. ताकद तपासायचा काँक्रीटचा क्यूब २८ दिवस पाण्यात मुरतो आणि २९ व्या दिवशी कळतं, तो दाबून फोडायचं यंत्रच बंद आहे. शुल्क मात्र पूर्ण घेतात, त्यात कसूर नाही.

आणि हो, पदवीदानाचं शुल्क वेगळं असतं. ते शेवटच्या सत्रात कळलेलंच बरं. आधी कळलं असतं, तर बेरजेत धरावं लागलं असतं.