एका सामन्याचे तीन निकाल

फुटबॉलमधलं मला इतकंच कळतं की बॉलला हात लावायचा नसतो. आणि म्हणूनच ऑफिसचा पूल, म्हणजे सामन्यांचे निकाल चिठ्ठीवर ओळखायची पैज, माझ्या गळ्यात पडला. "तुमाले यातलं काई समजत नाई नं भाऊ, म्हनजे तुमी कोनाची बाजू घेनार नाई," असं म्हणत डिस्पॅचवाल्या भाऊंनी संत्रा बर्फीचा रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवला. २०२२ चा वर्ल्ड कप कतारला होता, पण मनस्ताप नागपुरात.

आधी माणशी पन्नास रुपये ठरले होते. पण अकाउंट्सच्या काकांनी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं नाव काढलं आणि सगळ्यांचे हात खिशातच राहिले. कायदा इंग्रजांच्या काळातला, पूलची सवयही इंग्रजांचीच. लिटलवुड्स या पूल चालवणाऱ्या कंपनीची कूपनं १९२३ मध्ये निघाली, तेव्हापासून तिकडे घरोघरी माणसं दर आठवड्याला चौकटी भरत बसायची. आम्ही पैशांच्या जागी तर्री-पोहे आणले. पोह्यांबद्दल कायदा काय म्हणतो, ते काकांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही पहिली प्लेट संपेपर्यंत विषय काढला नाही.

२२ नोव्हेंबरला, भर ऑफिसात दुपारी साडेतीनला, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. एकवीस चिठ्ठ्यांपैकी वीस अर्जेंटिनाच्या. पहिल्या अर्ध्या तासातच मेस्सीची पेनल्टी आत गेली तेव्हा भाऊंनी पोहेवाल्याला फोनही लावला होता. मग अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले, सौदीने दोन मारले आणि कामठीहून अपडाउन करणारा आमचा पोरगा एकटाच हसत बसला. कामठीवाल्यांना फुटबॉल शिकवू नये, हे तेव्हाच कळायला हवं होतं. तिथून पुढे रोज नवं काहीतरी. कुणाच्या चिठ्ठीतला १ सातासारखा दिसायचा, तर कुणी पहिला गोल झाल्यावर "माझी चिठ्ठी जरा द्या, नाव टाकायचं राहिलं" म्हणत यायचं.

खरा घोळ फायनलचा. अचूक स्कोअर सांगेल त्याला उरलेल्या वीस जणांकडून एकेक प्लेट, असं ठरलं होतं. सामना रविवारी, १८ डिसेंबरला. सोमवारी हिवाळी अधिवेशन सुरू, सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी पोलीस, तरी एरवी अकराला उगवणारी माणसं साडेनऊला हजर. डबा उघडला. पोराची चिठ्ठी २-२. भाऊंची ३-३. आस्थापना विभागाच्या मॅडमची अर्जेंटिना ४-२.

"नव्वद मिनटं झाले तवा दोन-दोनच होते. पूल नव्वद मिनटाचाच रायते, जगात कुठंबी इचारा," पोरगा म्हणाला.

"काऊन बे? मंग पुढचा अर्धा तास का भजन चालू होतं?" भाऊ उसळले.

मॅडमनी शांतपणे पर्समधून पेपर काढला आणि पेनल्टी शूटआउटच्या ४-२ वर बोट ठेवलं. कप कोणी उचलला, एवढंच त्यांनी विचारलं.

तिघंही बरोबर! नव्वद मिनिटांना २-२, जादा अर्ध्या तासानंतर ३-३ आणि पेनल्टीत ४-२. मी रात्री मोबाइलवर आधार शोधत बसलो, तेव्हा सापडलं ते भलतंच. १९६३ च्या जानेवारीत इंग्लंडमधली मैदानं गोठली, सामने रद्द होत गेले, तेव्हा पूलवाल्यांनी माजी खेळाडू आणि एक रेफरी यांना लंडनमध्ये एका खोलीत बसवून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवून घेतले. म्हणजे तिकडे न झालेल्या सामन्याचा एक निकाल, आणि इथे झालेल्या सामन्याचे तीन.

काका, कँटीनवाला आणि मी अशी आमचीही समिती बसली. चहा दोनदा झाला. निर्णय असा की तिघंही विजयी आणि नियम लिहून न ठेवल्याचा दंड डबा सांभाळणाऱ्याला.

साठ प्लेटा नाही परवडणार म्हणून हातापाया पडून तीनवर आणलं. ठेल्यावर उभे राहिलो. पोहेवाल्याने पळी उचलून विचारलं, "तर्री किती टाकू?"

भाऊ म्हणाले दोन पळ्या, पोरगा म्हणाला तीन, मॅडम म्हणाल्या वेगळ्या वाटीत द्या.

"हिशोब कोनाकडं?" पोहेवाल्याने विचारलं. तिघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. पूल सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.