दिवसा अंधार, रात्री उजेड

झोप लागत नाही म्हटलं की लगेच उपदेश सुरू होतात, मोबाईल बाजूला ठेव, लवकर आडवं हो, शिस्तच नाही तुम्हा लोकांना. मला खरंच चीड येते याची. दिवसभर माणसाला बंद खोलीत कोंडायचं, रात्री डोळ्यांवर उजेड मारायचा आणि झोप उडाली की दोष त्याच्याच माथी!

बाहेर ढगाळ असलं तरी हजारो लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, कडक उन्हात तर १ लाखाच्या आसपास. आणि ऑफिसात सगळे दिवे लावूनही जेमतेम ३०० ते ५००. आपल्याला ते लख्ख वाटतं कारण डोळे सरावतात, पण शरीरातल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं नीट कळतच नाही. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी असतात ना, त्यांचं मुख्य काम बाहेर उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं, त्यातही निळसर उजेड त्यांना पटकन जाणवतो, म्हणजे रात्री अकराला स्क्रीन तोंडासमोर धरली की त्या इमानदारीत सांगणार, अजून दिवस आहे, आणि मग झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे हार्मोन लांबणीवर पडतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय, म्हणजे हे काही आजीबाईचा बटवा टाईप नाहीये.

सगळ्यात वाईट वाटतं ते रात्रपाळीवाल्यांचं. नर्स, वॉचमन, कॉल सेंटरची पोरं, यांना कुठली आलीय चॉईस? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. तरी पाळ्या लावताना याचा विचार कोण करतं?

आणि शाळकरी मुलं! वयात येताना झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, दहावीतला मुलगा रात्री टक्क जागा असतो तो काही उर्मटपणा म्हणून नाही. पण सकाळी सातला त्याला वर्गात बसवायचं, पहिल्या तासाला त्याची मान पेंगून वहीवर टेकली की सगळ्यांसमोर उभं करायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. पालकसभेत आपण मार्कांवर तासभर बोलतो, मग शाळेच्या वेळेवर पण बोलूया की. आणि ऑफिसवाल्यांनो, दुपारी अर्धा तास उन्हात फिरून यायची सुट्टी हक्काने मागा.