माडीवरचे पाणी

आमच्या जालन्याच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेतला सर्वांत भयंकर क्षण म्हणजे शेवटचे गीत आणि आशीर्वाद यांच्यामधल्या सूचना. पाळकसाहेब चष्मा काढून पुसू लागले, की कोणत्या तरी सेवेसाठी माणूस हवा आहे हे जुन्या सभासदांना बरोबर कळते. मग अर्धी मंडळी बाकाखाली काहीतरी शोधू लागते आणि उरलेली अर्धी डोळे मिटून अचानक प्रार्थनेत रमते.

टाळाटाळीला शास्त्राधार भरपूर आहे. बायबलातल्या मोशेने आपण जड जिभेचे आहोत असे देवालाच सांगून पाहिले आणि ते चालेना तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणून मोकळा झाला. लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातल्या मेजवानीला न गेलेल्या तिघांपैकी एकाने शेत घेतले होते, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या आणि तिसऱ्याने बायको केली होती. या तिन्ही सबबी मराठवाड्यात आजही विनातक्रार मान्य होतात. योना तर देवाने पाठवले तिकडे न जाता पदरचे भाडे भरून दूरच्या तार्शीशच्या तारवात बसला. सेवा चुकवण्यासाठी रोख पैसे मोजणाऱ्या या संदेष्ट्याविषयी मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे.

माझी सबब गुडघ्यांची होती. पण पाळकसाहेबांनी मला पहाटे मोतीबागेत झपाझप चालताना अनेकदा पाहिले असल्यामुळे ती टिकली नाही. काम असे होते, की मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक वयोवृद्ध सिस्टरबाई माडीवर एकट्या राहतात, नळ खाली अंगणात आहे, त्याला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि आले तरी वर चढण्याइतका जोर त्याला नसतो. तेव्हा पाणी आले की कोणीतरी जाऊन त्यांचा रांजण भरून द्यावा.

आता हे स्पष्टच सांगितले पाहिजे, की सेवेला माझा सरसकट विरोध कधीच नव्हता. शास्त्रवाचन करणे, समितीत बसणे, कापणीच्या सणाला भोपळ्यांचा लिलाव पुकारणे, पाहुण्यांचे आभार मानणे, यांतल्या कशालाही मी नाही म्हटलेले नाही, कारण या सर्व सेवा कपड्यांची इस्त्री न मोडता होतात. बँकेत व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने खांद्यावर घागर घेऊन गल्लीतल्या कर्जदारांसमोरून जाणे ही गोष्ट निराळी आहे. 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा त्या गाडीचे हारतुरे घालून स्वागत झाले होते; एका घागरीला तेवढा मान कोण देतो?

शेवटी एका पहाटे फोन आला आणि जावे लागले. लाकडी जिन्याला मध्येच एक वळण आहे. तिथे घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावी लागते आणि त्या क्षणी तिच्यातले पाणी आधी कानात, मग कॉलरीत आणि शेवटी बुटात शिरते. मनातली नाखुशी पुरती गेली की मग सेवेला लागावे असा माझा मूळ बेत होता. प्रत्यक्षात नाखुशी माझ्याबरोबरच जिना चढली, दोन-तीन खेपा तिने कुरकुर केली आणि पुढे तिलाच धाप लागली असावी, कारण नंतर ती कुठे गळाली ते ध्यानात राहिले नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजण्याच्या नादात माणसाला प्रतिष्ठा वगैरे आठवत नाही.

त्या जिन्यावरच मला मार्कच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातला तो मनुष्य आठवला. वल्हांडण या यहूदी सणाच्या भोजनाची जागा शोधायला प्रभू येशूने दोन शिष्यांना शहरात पाठवले आणि पाण्याचे भांडे घेतलेला एक मनुष्य भेटेल, त्याच्यामागे जा, अशी खूण सांगितली. पाणी भरणे हे त्या काळी बहुधा बायकांचे काम, म्हणून असा पुरुष गर्दीत चटकन ओळखू येणार. म्हणजे लोक त्याच्याकडेही वळून पाहत असणारच! ती जागाही माडीवरचीच. त्या रात्री प्रभूने गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले हे योहान सांगतो, पण ते पाणी वर कोणी चढवले हे कोणीच सांगत नाही. माझा संशय अर्थातच त्या बिचाऱ्यावर आहे, आणि त्याचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवलेले नाही याचे मला जिन्याच्या वळणावर फार वाईट वाटले.

सिस्टरबाईंची नाखुशी माझ्यापेक्षा चिवट निघाली. जन्मभर परक्यांच्या उशाशी रात्री जागवलेल्या या बाईंना स्वतःसाठी कोणी घागर उचललेली खपेना. “राहू द्या साहेब, तुम्ही कशाला?” असे म्हणत त्या कळशी माझ्या हातातून ओढू लागल्या. त्या पाय धुण्याच्या वेळी शिष्य पेत्राचे असेच झाले होते. आधी तो माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणून अडून बसला आणि मग एकदम हात आणि डोकेही धुवा म्हणू लागला. सिस्टरबाईही पेत्राच्याच वाटेने गेल्या. पुढच्या फोनला त्यांनी रांजणाबरोबर दोन बादल्या मांडून ठेवल्या आणि त्यानंतर तुळशीमागची जुनी टाकीही घासून ठेवली. एकदा रांजणात डोकावून त्या म्हणाल्या, “कामून हो साहेब, काना गावच्या लग्नात चाकरांनी रांजण काठोकाठ भरले होते ना?” येशूने ज्यांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला त्या सहा रांजणांत एकेकी सुमारे 75 ते 115 लिटर पाणी मावत असावे, हा हिशेब मी मुद्दामच त्यांना सांगितला नाही.

मी आणखी एक खेप आणायला वळलो तेवढ्यात त्यांनी कठड्यावरून शेजारच्या आजींना हाक मारली, “अहो, तुमचा बी हंडा आणा, आमच्या चर्चचा माणूस आलाय!” आजींनी पिंप आणले.