अंडं तळल्यानं ताकद जात नाही, काका

परवा घरच्या ग्रुपवर धाकट्या काकांनी एक मेसेज टाकला. त्याआधी तो मला लातूरच्या मावसबहिणीकडून आला होता, ऑफिसातल्या दोघांकडून आला होता, आणि दरवेळी खाली "कमीत कमी अकरा जणांना पाठवा" होतंच. मजकूर थोडक्यात असा: अंडं तेलात तळलं किंवा फोडून परतलं की त्यातली प्रथिनं जळतात, तेल आणि अंडं मिळून पोटात विष होतं, म्हणून खायचं तर कच्चं, दुधात घालून. बलक काढून टाकायचा, अंडं गावरानच घ्यायचं कारण त्यात "दुप्पट ताकद", फेटताना मीठ घालायचं नाही, नाहीतर अंडं रबरासारखं होतं, आणि उन्हाळ्यात अंड्याला शिवायचंच नाही. वर काकांनी स्वतःची ओळ जोडली: "लेकराला हाफ-फ्राय देऊ नको गं, समदी ताकद जळून जाती."

काकांना उलट बोलायचं नाही हा आमच्या घरचा रिवाज. पण माझं लेकरू रोज सकाळी हाफ-फ्राय खाऊन शाळेत जातं. मी गप्प बसले तर मेसेज खरा ठरतो.

आधी ते जळण्याचं बघू. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. जोवर ते पाणी आत आहे, तोवर तवा कितीही तापो, अंड्याचं आतलं अंग १०० अंशांच्या वर जात नाही. पांढरं साधारण ६२ अंशांपासून आळायला लागतं, बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो, आणि पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन पुरतं घट्ट व्हायला ८० अंश लागतात. प्रथिन म्हणजे घट्ट गुंडाळलेली दोरी समजा. उष्णतेनं तिचा पीळ सुटतो, सुटलेल्या दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि त्या जाळ्यात पाणी धरलं जातं. पातळ, आरपार दिसणारं पांढरं डोळ्यांदेखत दुधासारखं होतं ते यामुळं. दोरी तीच राहते, फक्त मोकळी होते, आणि मोकळी दोरी पोटातल्या रसांना तोडायला सोपी जाते. कडेला जी तपकिरी जाळी धरते तेवढीच काय ती करपते. ती माझ्या लेकराला सगळ्यात जास्त आवडते, तो भाग वेगळा.

म्हणजे कच्च्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. माणसं मोजकीच होती, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा निघाला: शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. तालमीतले पोरं दुधात चार अंडी फोडून घटाघट पितात, त्यातल्या दोनांचं प्रथिन असं वायाच जातं म्हणायचं. शिवाय कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. शिजवलं की त्याची पकड सुटते. आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा जंतू पोटात जाऊ शकतो, तो निराळाच ताप.

आता तेल. इथं मेसेज अर्धा खरा आहे, तेवढं कबूल करते. एका अंड्यात साधारण ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. म्हणजे गाड्यावरच्या एका अंड्याच्या आम्लेटात अंड्यापेक्षा तेलाच्याच कॅलरी जास्त खाल्ल्या जातात. तेच तेल दिवसभर पुन्हा पुन्हा तापत असेल तर तेही वाईटच. पण हा दोष हात सैल सोडणाऱ्याचा, अंड्याचा त्यात काय गुन्हा? घरी लहान चमचाभर तेल पुरतं, त्याच्या ४० कॅलरी.

कमी तेलात अंडं चिकटतं, म्हणून बायका तेल ओततात, हेही मला माहीत आहे. चिकटण्याचं कारण तेल कमी असणं एवढंच नसतं. थंड तव्यावर अंडं फोडलं की ओलं प्रथिन आळता आळता लोखंडालाच धरतं. तवा आधी तापवायचा, पाण्याचा थेंब नाचायला लागला की आच कमी करायची, पाणी पुसून घ्यायचं, मग तेल, मग अंडं. फोडल्यावर लगेच उलथणं खुपसायचं नाही. खालची बाजू आळली की ती आपली आपण सुटते. वरचं पांढरं ओलं राहत असेल तर कडेला चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवायचं. बलक मऊ राहतो आणि पांढरं वाफेवर शिजतं. माझी आजी घाण्यावरच्या करडईच्या तेलात करायची. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे चांगले वाण काढले, पण आपल्याकडचा करडईचा पेराच घटला, त्यामुळं आता घरात सोयाबीनचं तेल. अंड्याला त्यानं फरक पडत नाही, मला पडतो.

बलकाचं थोडक्यात. एका बलकात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी जुनी मर्यादा होती, ती अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतूनही २०१५ नंतर गेली. उलट अंड्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व बलकातच असतं, आणि प्रथिनही चाळीस टक्क्यांहून जास्त. ज्याला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे त्यानं डॉक्टरला विचारावं. शाळेत जाणाऱ्या पोराचा बलक नालीत कशाला टाकायचा?

गावरान अंड्याची चव मलाही आवडते, आठवडी बाजारात दिसली की मी घेतेच. पण "दुप्पट ताकद" कुठून येणार? कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग तिनं काय खाल्लं त्यावर. पिवळा मका किंवा हिरवा पाला खाल्ला तर बलक केशरी, नुसती ज्वारी टिपली तर फिका. गावरान अंडं बहुधा आकारानंही लहान असतं, म्हणजे नगामागं प्रथिन थोडं कमीच.

मिठाबद्दल तर मला हसूच आलं. अंडं रबरासारखं होतं ते जास्त आचेमुळं आणि जास्त वेळ ठेवल्यामुळं. दोऱ्यांचं जाळं आवळत जातं आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. फेटताना मीठ घातलं तर अंडं उलट मऊ राहतं. हे मला शेजारच्या चाचींच्या खागिन्यानं शिकवलं. खागिना म्हणजे निजामाच्या काळापासून आपल्याकडं चालत आलेली अंड्याची भुर्जीच म्हणा, फक्त टोमॅटो नाही आणि कांदा भरपूर. चाची कांदा, आलं-लसूण, हळद, मिरची इतकी परततात की कांद्यातलं पाणी पार आटतं, मग मीठ घालून फेटलेली अंडी ओततात आणि ओलसर असतानाच तवा उतरवतात. पहिल्यांदा मी म्हटलं, "चाची, कच्चं राहिलं." त्या म्हणाल्या, "ठहर जा बेटा." तापलेलं लोखंड बाकीचं काम करतं, ताटात येईपर्यंत खागिना बरोबर होतो. आपली भुर्जी पाणी सोडते कारण आपण कांदा-टोमॅटो कच्चा असतानाच अंडी ओततो आणि मग कोरडं होईस्तोवर हलवत बसतो.

राहिला उन्हाळा. अन्न पचवताना शरीरात थोडी उष्णता तयार होते, प्रथिनांची जरा जास्त. एका अंड्यातल्या प्रथिनांचा हिशोब केला तर ती पाच-सात कॅलरी भरते. परभणीच्या ४४ अंशांत तेवढ्यानं काय होणार? उन्हाळ्यात बिघडतं ते अंडं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून आतला वायू आणि ओल निघून जाते, पांढरं पातळ होतं, आणि पत्र्याखालच्या दुकानात हे झपाट्यानं होतं. असं अंडं तव्यावर फोडलं की पाण्यासारखं पसरतं. जुन्या माणसांना उन्हाळ्यात अंडं "बाधायचं" ते बहुतेक यामुळंच असणार. मे महिन्यात मी अंडी डझनानं आणत नाही, सहाच आणते, लगेच फ्रिजमध्ये ठेवते आणि करायच्या आधी पाण्याच्या भांड्यात सोडून बघते. तळाशी आडवं बसलं तर हाफ-फ्राय, तळाशीच उभं राहिलं तर खागिना, तरंगलं तर उकिरड्यावर.